प्रौढ वयातील एडीएचडी: रोजची कामे मार्गी लावण्याचा योग्य क्रम

एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणे आणि चंचलता आवरणे कठीण करणारा विकार, असलेली प्रौढ व्यक्ती कामांची शिस्त लावायला बसते तेव्हा बहुतेक वेळा वेळापत्रकापासून सुरुवात करते. पहाटे उठण्यापासून रात्री झोपण्यापर्यंतचा प्रत्येक तास चौकटीत बसवलेला एक सुबक तक्ता तयार होतो, तो कपाटाच्या दारावर चिकटवला जातो आणि आठवडा संपण्यापूर्वीच त्याकडे पाहणे नकोसे होते. मग घरचे म्हणतात की मनावर घेतले असते तर जमले असते, आणि ती व्यक्तीही तेच खरे मानू लागते. वास्तविक चूक क्रमाची असते. वेळापत्रक ही या कामातली जवळजवळ शेवटची पायरी आहे आणि तिच्या आधीच्या पायऱ्या रचल्याशिवाय ते टिकत नाही.

एडीएचडीमध्ये काय करायचे हे माणसाला पुरेसे ठाऊक असते. अडचण येते ती योग्य क्षणी ते आठवण्यात, आठवल्यावर हात घालण्यात आणि दरम्यान किती वेळ गेला याचा अंदाज घेण्यात. म्हणून पुढची प्रत्येक पायरी मनावरचा एकेक भार बाहेर, डोळ्यांसमोर किंवा हाताशी आणून ठेवते. हा क्रम सोलापुरातली घरे, पेढ्या आणि कारखान्यांच्या पाळ्या नजरेसमोर ठेवून लिहिला आहे.

पूर्वतयारी

पहिली गोष्ट निदानाची. अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनच्या २०१३ च्या निकषांनुसार १७ वर्षे आणि त्यापुढील व्यक्तीत अवधानाच्या किंवा अतिचंचलतेच्या नऊपैकी किमान पाच लक्षणे असावी लागतात, ती किमान सहा महिने टिकलेली असावी लागतात, घर आणि काम अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात, आणि त्यांतली काही लक्षणे वयाच्या १२ वर्षांपूर्वीच दिसलेली असावी लागतात. थायरॉइडचा विकार, झोपेत श्वास अडखळणे, नैराश्य आणि चिंताविकार यांतही विसराळूपणा आणि अस्वस्थता येते. त्यामुळे मोबाइलवर प्रश्नावली सोडवून स्वतःच निष्कर्ष काढू नये. सोलापुरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेल्या छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात किंवा खासगी मनोविकारतज्ज्ञांकडे तपासणी करून घ्यावी. कुठून सुरुवात करावी हेच सुचत नसेल तर टेलिमानस या शासकीय मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर दिवसरात्र बोलता येते.

तपासणीला जाताना शाळेची जुनी प्रगतिपुस्तके सापडली तर सोबत न्यावीत. ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही’, ‘गृहपाठ अपूर्ण’ असे शिक्षकांचे शेरे डॉक्टरांच्या उपयोगी पडतात. शक्य असल्यास आईला किंवा मोठ्या भावंडाला बरोबर घ्यावे, कारण लहानपणीचे आपले वागणे आपल्यापेक्षा त्यांना अधिक आठवते.

दुसरी गोष्ट झोपेची. सलग काही रात्री अपुरी झोप झाली असेल तर त्या आठवड्यात कोणतीही नवी पद्धत सुरू करू नये. आधी झोपेची वेळ आवरावी.

तिसरी गोष्ट साहित्याची. खिशात मावणारी एक वही, दोरीने तिलाच बांधलेले पेन, मोठ्या चौकोनांची भिंतीवरची दिनदर्शिका, काट्यांची दोन साधी घड्याळे, स्वयंपाकघरात वापरतात तसा वाजणारा टायमर, भिंतीत ठोकायचे दोन-तीन हुक, एक उघडी टोपली आणि बिले अडकवायचा तारेचा आकडा एवढे पुरे. नवी पेठेत एका फेरीत हे सारे मिळते.

सावधान: या टप्प्यावर महागडी नियोजन-डायरी किंवा नवे अ‍ॅप घेऊ नये. नव्या साधनाची जुळवाजुळव करण्यात मन इतके रमते की त्यालाच काम झाल्याचे समाधान समजले जाते, आणि नवलाई ओसरली की साधन पडून राहते.

टप्पा १: गळती कुठे आहे ते शोधणे

एक आठवडा काहीही सुधारू नये, फक्त नोंद करावी. किल्ली शोधण्यात वेळ गेला, गॅसवर दूध उतू गेले, परत फोन करतो म्हणून सांगितले आणि केला नाही, विजेचे बिल मुदतीनंतर भरले, अशी प्रत्येक चूक वहीत एका ओळीत लिहावी. कारण लिहू नये आणि स्वतःला दूषणही देऊ नये.

आठवड्याअखेरीस या ओळी वाचल्या की बहुतेक चुका दोन-तीन ठिकाणीच साचलेल्या आढळतात. कोणाची सकाळ बिघडते, कोणाचे कागद हरवतात, कोणी दिलेला शब्द विसरतो. पुढचे टप्पे सर्वांनी याच क्रमाने करायचे आहेत, परंतु जिथे आपली गळती जास्त आहे त्या टप्प्यावर अधिक दिवस थांबावे.

टप्पा २: वस्तूंना जागा देणे

येथे होणारी सर्वांत मोठी चूक म्हणजे घरभर साफसफाई काढणे. सगळी कपाटे एकाच दिवशी रिकामी होतात, दुपारी उत्साह संपतो आणि रात्री झोपायलाही जागा उरत नाही. या टप्प्यात फक्त रोज बाहेर जाताना लागणाऱ्या वस्तू घ्याव्यात: किल्ल्या, पाकीट, चष्मा, ओळखपत्र, हेल्मेट, चार्जर.

घरात शिरल्यावर या वस्तू आता आपोआप कुठे टाकल्या जातात ते पाहावे आणि हुक किंवा टोपली नेमकी तिथेच बसवावी. शोभेल अशी जागा निवडली की तिथे वस्तू पोहोचत नाही. किल्ली रोज दाराजवळच्या खुर्चीवर पडत असेल तर हुकही त्या खुर्चीच्या वरच हवा. बंद ड्रॉवर आणि झाकणाचे डबे टाळावेत, कारण जे दिसत नाही ते एडीएचडी असलेल्या माणसाच्या लेखी बहुधा नाहीसेच झालेले असते.

तपासणी: रात्री वीज गेलेली असताना, टॉर्च न लावता, हात पुढे करून किल्ली सापडली पाहिजे. हे सलग आठ-दहा दिवस जमले की पुढे जावे.

टप्पा ३: एकच नोंदवही

बहुतेकांची कामे पाच ठिकाणी लिहिलेली असतात. काही व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवलेल्या संदेशांत, काही बिलाच्या मागे, काही तळहातावर, काही ऑफिसच्या डायरीत, आणि उरलेली डोक्यात. पाच ठिकाणे असली की कोणत्याही एका ठिकाणावर विश्वास बसत नाही, म्हणून एकही उघडून पाहिले जात नाही. यापुढे कामाची नोंद होण्याचे ठिकाण एकच, ती खिशातली वही.

खरी कसोटी लिहिण्याच्या क्षणाची आहे. अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात हिशेब पाहणाऱ्या माणसाचे उदाहरण घेऊ. मालक दारातून जाता जाता म्हणतात, “त्या इचलकरंजीच्या पार्टीचं पेमेंट बघा आणि सुताच्या गाडीचं बिल लावून टाका.” तो “हो मालक” म्हणतो, तेवढ्यात फोन वाजतो, फोनवर तिसरेच काम येते आणि पहिली दोन्ही पुसली जातात. येथे ‘हो’ म्हणण्याच्या आधी वही बाहेर यायला हवी. “एक मिनिट मालक, लिहून घेतो,” एवढे म्हणून उभ्या उभ्या ‘इचलकरंजी पेमेंट, सूत बिल’ असे चार शब्द लिहावेत आणि मगच हो म्हणावे. समोरच्याला याचा राग येत नाही. उलट दिलेले काम लिहून घेणारा माणूस त्याला अधिक भरवशाचा वाटतो.

वहीत अक्षर चांगले असण्याची, रंगीत पेनांची किंवा विषयवार पानांची काहीही गरज नाही. एकाखाली एक ओळी लिहीत जावे. संध्याकाळी ठरलेल्या वेळी, शक्यतो रोजच्या एखाद्या सवयीला लागून, वही उघडून तीन गोष्टी कराव्यात: तारखेची कामे दिनदर्शिकेच्या चौकोनात उतरवावीत, दोन मिनिटांत होणारी तिथल्या तिथे उरकावीत, आणि आता करायचीच नाहीत अशी निःसंकोचपणे खोडावीत.

सावधान: मोबाइलवर आवाजात नोंद करून ठेवणे सोपे वाटते, परंतु त्या नोंदी नंतर सहसा ऐकल्या जात नाहीत. दुचाकीवरून आल्यावर आवाजात नोंद केलीच, तर ती त्याच दिवशी वहीत उतरली पाहिजे.

टप्पा ४: वेळ डोळ्यांना दिसेल असा करणे

एडीएचडीमध्ये वेळेचे भान दोन प्रकारे सुटते. आवडीच्या कामात तास निघून जातात, आणि नावडते काम प्रत्यक्षात असते त्यापेक्षा खूप मोठे वाटते. यावर पहिला उपाय काट्यांच्या घड्याळाचा. आकड्यांच्या घड्याळावर फक्त ‘आत्ता’ दिसतो, तर काट्यांवर किती उरले तेही दिसते. एक घड्याळ न्हाणीघरातून बाहेर पडताच समोर येईल असे लावावे, कारण सकाळचा बराचसा उशीर तिथेच होतो.

दुसरा उपाय उलट्या गणिताचा. समजा जुळे सोलापुरात राहणाऱ्या व्यक्तीला पहाटे सहाच्या सुमाराची मुंबईची गाडी पकडायची आहे. ‘सहाची गाडी’ एवढेच लक्षात ठेवले तर ती व्यक्ती पावणेसहाला कपडे शोधत असते. त्याऐवजी गाडीच्या वेळेपासून मागे यावे: साडेपाचला फलाटावर, पाच वाजता रिक्षात, पावणेपाचला चपला घातलेल्या, सव्वाचारला अंथरुणाबाहेर. दिनदर्शिकेवर गाडीची वेळ न लिहिता घराबाहेर पडण्याची वेळ लिहावी. डॉक्टरांची भेट, लग्नाचा मुहूर्त, बँकेचे काम, सगळ्यांना हाच नियम लावावा.

प्रत्येक प्रसंगाला दोन गजर असावेत, एक आवरायला लागण्याचा आणि दुसरा दाराबाहेर पडण्याचा, आणि गजराला नाव द्यावे. नुसता आवाज झोपेतही बंद होतो. ‘आता चपला घाल’ अशी ओळ पडद्यावर दिसली तर हात हलतात. फोन अंथरुणापासून चार पावलांवर ठेवावा.

ज्या कामाला सुरुवात आहे पण शेवट आपोआप होत नाही, ते काम सर्वांत धोक्याचे. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. ते काही दिवसांच्या अंतराने येते आणि वेळही मागेपुढे होते. पाणी आले की मोटर लावायची, हौद भरायचा, पिंपे भरायची, आणि तेवढ्यात दुसऱ्या खोलीत फोन वाजला की वरची टाकी भरून गच्चीवरून पाण्याची धार लागते. पुढचे पाणी कधी येईल याची खात्री नसलेल्या घरात ही चूक फार बोचते आणि तिच्यावरून भांडणेही होतात. नियम असा ठेवावा की टायमर हातात घेऊन, चावी फिरवून, मगच मोटरचे बटण दाबायचे, आणि टायमर मोटरजवळ न ठेवता खिशात घेऊन फिरायचे. टाकी भरायला किती मिनिटे लागतात ते एकदा मोजून बटणाजवळ खडूने लिहून ठेवावे. गॅसवरचे दूध, कुकर आणि इस्त्री यांनाही हाच नियम लागू आहे. पाण्याचा दिवस दिनदर्शिकेवर आधीच मांडून त्या सकाळी दुसरे कोणतेही महत्त्वाचे काम ठरवू नये.

तपासणी: रोजची पाच कामे निवडून आधी अंदाजे वेळ लिहावी आणि नंतर प्रत्यक्ष लागलेला वेळ तिच्यापुढे लिहावा. अंदाज सतत निम्माच निघत असेल, तर यापुढे प्रत्येक अंदाज दुप्पट धरावा.

टप्पा ५: दिवसाची यादी

वहीतल्या सगळ्या ओळी म्हणजे दिवसाची यादी नव्हे. रात्री वही पाहताना उद्यासाठी फक्त तीन कामे वेगळ्या चिठ्ठीवर उतरवावीत. तीन कमी वाटतील, परंतु पूर्ण झालेली तीन कामे दुसऱ्या दिवशी यादी उघडण्याचे बळ देतात, तर पंधरातली अकरा राहिली की यादीचीच भीती बसते.

काम लिहिण्याची रीत येथे सर्वाधिक चुकते. ‘जीएसटी’ हे काम नाही, तो विषय आहे. ‘निळ्या फायलीतून गेल्या महिन्याची खरेदीची बिले काढून टेबलावर ठेवणे’ हे काम आहे, कारण ते वाचताच हात कुठे जायला हवा हे कळते. ‘घर आवरणे’ऐवजी ‘पलंगावरचे धुतलेले कपडे घडी करणे’ लिहावे, आणि ‘आईच्या डोळ्यांचे बघणे’ऐवजी ‘दवाखान्यात फोन करून गुरुवारची वेळ घेणे’.

मुदतीची कामे खऱ्या मुदतीच्या पाच दिवस आधी मांडावीत. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्या व्यापाऱ्याला विक्रीचे जीएसटीआर-१ पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत आणि कराचा गोषवारा देणारे जीएसटीआर-३बी २० तारखेपर्यंत भरायचे असते, आणि उशीर झाला की दिवसागणिक विलंबशुल्क चढते. अशा व्यक्तीच्या दिनदर्शिकेवर ६ आणि १५ या तारखा लाल असाव्यात.

टप्पा ६: सुरुवात करणे आणि थांबणे

यादी तयार असूनही माणूस तिच्याकडे पाहत बसून राहतो. घरच्यांना हा आळस वाटतो, पण त्या माणसाला आतून किती त्रास होत असतो हे बाहेरून दिसत नाही. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांच्या संशोधनातून पुढे आलेली ‘अमुक झाले की तमुक करायचे’ ही बांधणी येथे उपयोगी पडते. ‘सकाळी हिशेब करीन’ असे न ठरवता ‘चहाचा कप मोरीत ठेवला की निळी फाइल उघडीन’ असे ठरवावे. आधीची क्रिया रोज होणारीच असल्याने ती पुढच्या क्रियेची आठवण करून देते. टायमर दहा मिनिटांवर लावावा आणि दहा मिनिटांनी थांबण्याची स्वतःला खरोखर मुभा द्यावी.

तरीही जमत नसेल तर सोबत घ्यावी. शेजारी कोणीतरी आपले आपले काम करत बसले असेल तर हात चालू राहतात. सोलापुरात ओसरीवर एकत्र बसून विड्या वळणाऱ्या बायका एकमेकींच्या कामात लक्ष घालत नाहीत, पण एकीचे हात चालले की दुसरीचेही चालतात. तशी सोबत मित्राशी फोनचा स्पीकर चालू ठेवूनही मिळते. मात्र सोबत्याने तपासनीस होऊ नये.

थांबण्यासाठीही तयारी लागते. एखाद्या कामात बुडून जाण्याची सवय असेल तर ते काम सुरू करण्यापूर्वीच, जेवणाच्या वेळेचा गजर दुसऱ्या खोलीत लावून ठेवावा, म्हणजे तो बंद करायला उठावेच लागते.

टप्पा ७: बिले, कागद आणि औषधे

विजेचे बिल, विम्याचा हप्ता, मोबाइलचे भाडे यांसारखी ठरावीक देणी बँकेतून आपोआप जातील अशी सोय करावी आणि त्यांसाठी वेगळे खाते ठेवावे, म्हणजे ऐन तारखेला शिल्लक कमी पडणार नाही. घरात येणारा प्रत्येक कागद थेट तारेच्या आकड्यात जावा आणि आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, आकडा रिकामा व्हावा. पगारदारांनी प्राप्तिकराचे विवरणपत्र ३१ जुलैपर्यंत भरायचे असते, म्हणून त्याचे कागद गोळा करण्याचे काम जूनच्याच पानावर लिहावे.

औषध सुरू असेल तर त्याची शिस्त सर्वांत आधी सांभाळावी. एडीएचडीवर दिले जाणारे मिथाइलफेनिडेट हे नियंत्रित औषध आहे. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि सगळ्याच दुकानांत ठेवलेलेही नसते, म्हणून गोळ्या संपण्याच्या आठवडाभर आधी दिनदर्शिकेवर खूण करावी. वारांच्या कप्प्यांची डबी वापरली की आजची गोळी घेतली की नाही हा प्रश्न उरत नाही.

सावधान: एखादी गोळी चुकली म्हणून पुढच्या वेळी दोन घेऊ नयेत. छातीत धडधड वाढली, झोप उडाली किंवा भूक मंदावून वजन उतरू लागले, तर मात्रा स्वतः कमी-जास्त न करता डॉक्टरांना कळवावे. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळीसच्या पुढे जातो. भूक मरते तशी पाणी पिण्याची आठवणही राहत नाही, म्हणून भरलेली बाटली टेबलावर समोर ठेवावी.

टप्पा ८: आता वेळापत्रक

मागचे टप्पे महिनाभर टिकले की मगच वेळापत्रकाला हात घालावा आणि तेही तासांचे न करता खुंट्यांचे करावे. उठणे, पहिले जेवण, कामावरून परतणे आणि झोपणे या चार खुंट्या धराव्यात आणि प्रत्येकीला एक किंवा दोनच कामे लावावीत. ज्यांची पाळी दर आठवड्याला बदलते अशा कामगारांना घड्याळी वेळापत्रक मुळीच उपयोगाचे नाही. ‘उठल्यावर गोळी, परतल्यावर वही’ हे मात्र दिवसपाळीलाही चालते आणि रातपाळीलाही.

एप्रिल-मे महिन्यांत बाहेरची कामे सकाळी दहाच्या आत किंवा सूर्य कलल्यावरच मांडावीत. भर दुपारी ठरवलेली बँकेची फेरी हटकून पुढे ढकलली जाते. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या दिवसांत पाहुणे, गर्दी आणि गड्ड्यावरच्या, म्हणजे यात्रेनिमित्त भरणाऱ्या जत्रेतल्या, फेऱ्या यांनी दिनक्रम हलणारच, तेव्हा त्या आठवड्याची पाने मुद्दाम मोकळी ठेवावीत.

टप्पा ९: घडी मोडल्यावर

ही पायरी कोणीच आधी लिहून ठेवत नाही, आणि म्हणूनच बहुतेकांची पद्धत पहिल्या खंडानंतर कायमची बंद पडते. आजारपण, घरातले लग्न, ऑफिसची धावपळ किंवा नुसता कंटाळा, कशानेही घडी मोडेल. त्यात वावगे काही नाही. चूक नंतर होते: माणूस साचलेले सगळे एकदम भरून काढायला बसतो, त्या ढिगाने दबतो आणि वही पुन्हा बंद करतो.

परत येण्याचा क्रम आताच, डोके शांत असताना, वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवावा. पहिल्या दिवशी फक्त झोप आणि औषध मार्गावर आणावे. दुसऱ्या दिवशी किल्ली-पाकीट हुकावर आणि टोपलीत परत न्यावे. तिसऱ्या दिवशी वहीत जुन्या नोंदींखाली एक आडवी रेघ मारावी, नवे पान काढावे आणि आज डोक्यात असलेली कामे लिहावीत. जुनी पाने चाळायची ती फक्त मुदत किंवा दंड असलेल्या कामांसाठी. चौथ्या दिवशी तीन कामांची चिठ्ठी सुरू करावी. ज्यांचे फोन राहिले असतील त्यांना लांबलचक कारणे देऊ नयेत. “उशीर झाला, माफ करा, शुक्रवारपर्यंत देतो,” एवढे बोलून ती तारीख वहीत लिहावी.

घरच्यांचे साहाय्यही येथेच लागते, आणि ते कसे हवे हे घडी नीट असतानाच ठरवून घ्यावे. “किती वेळा सांगायचं तुला?” या वाक्याने काम आठवत नाही, फक्त अपमान लक्षात राहतो. त्याऐवजी दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी, “वही बघितलीस का?” एवढाच प्रश्न विचारावा आणि उत्तर काहीही आले तरी पुढे वाद घालू नये. नवरा-बायकोने रविवारी सकाळी चहाबरोबर दिनदर्शिकेसमोर बसून पुढच्या आठवड्यातला पाण्याचा अंदाजे दिवस, बिलांच्या तारखा, दवाखाना आणि मुलांची शाळा एवढेच पाहावे. मागच्या आठवड्यात काय राहिले याची उजळणी त्या बैठकीत करू नये.